रुमाल ताठला तर लांब घंटा

प्रिय डॉक्टरीणबाई,

घरात मी तुला ठमे म्हणते, पण जी लेक आईचा फोन उचलत नाही तिला मानानं हाक मारलेली बरी. माझ्या वाकड्या अक्षराला हसू नकोस. जन्मभर पोरांच्या कोंबडीच्या पायांवर लाल शेरे मारले, आता माझीच कोंबडी सुटली आहे. कारण शेवटी सांगते. आधी सांगितलं तर तू पुढचं वाचणार नाहीस.

आपलं भांडण शेजारच्या शिंपीणकाकूंनाही पाठ झालंय, इतक्या मोठ्यानं मी बोलले. तू म्हणालीस, असल्या कडाक्यात शाळा बंद ठेव, माझ्या दवाखान्यात पोरं निळी बोटं घेऊन येतात. मी म्हणाले, कालची पोर मुख्याध्यापिकेला शाळा शिकवते. मग तू म्हणालीस की त्या शाळेत सगळ्यात जास्त कोण गारठलं असेल तर तू स्वतः, कारण लहानपणी अंगात ताप असो नसो, मी तुला बरोबर ओढून न्यायचे. आणि फोन ठेवलास. तेव्हापासून मी तुझ्याशी मनातल्या मनात भांडते आहे, आणि तिथंही तूच जिंकतेस.

आता शाळेची खबर. थंडी मोजायची आपली रीत तुझ्या वेळची तीच आहे. शिपाईकाका पहाटे फाटकावर ओला रुमाल टांगतात. मी येईपर्यंत तो ताठ झाला तर लांब घंटा, म्हणजे मुलांनी ऊन आल्यावर सावकाश यायचं. मऊ राहिला तर नेहमीची घंटा. शाळा बंद मात्र कधीच नाही. या हिवाळ्यात त्या रुमालात राजकारण शिरलं. विज्ञानाच्या सरांना पांघरूण सोडवत नाही, म्हणून ते घरच्या फ्रीजमध्ये कडक केलेला रुमाल आणून टांगायला लागले. उशिरा उठता यावं म्हणून भल्या पहाटे उठणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. उलट शिपाईकाकांना शाळा वेळेवर हवी, कारण घरी सापडले की त्यांची बायको त्यांच्याकडून भांडी घासून घेते. ते रुमाल काखेत धरून बसतात आणि मी कोपऱ्यावर दिसले की टांगतात. शेवटी एके दिवशी फाटकावर दोन रुमाल. एक पाटीसारखा ताठ, दुसरा चक्क ऊबदार. दोघंही इतक्या भोळ्या चेहऱ्यानं उभे होते की मला रागावणंही जमेना.

त्या दिवशी थंडी खरोखर हाडं फोडणारी होती. रुमालाची गरजच नव्हती, माझं नाकच ताठ झालं होतं. पण लांब घंटा वाजवली तर तू जिंकलीस असं होईल, हे माझ्या डोक्यात बसलेलं. शिवाय बेकरीत पहाटे कामाला जाणाऱ्या बाईच्या दोन मुली फाटकाशी येऊन उभ्याच होत्या. घराला कुलूप, शाळेला कुलूप, मग त्यांनी जायचं कुठं? हे मी तुला फोनवर विचारायला हवं होतं, पण भांडताना माणसाला नेमकं तेवढंच सुचत नाही. मी नेहमीची घंटा वाजवली.

सध्या मी घरी आहे आणि कारभार विज्ञानाच्या सरांकडे गेलाय. त्यांनी आल्या आल्या तोड काढली: कडाक्यात सगळी शाळा उशिरा, पण हीटरची खोली रोजच्या वेळी उघडी, ज्यांच्या घरी कोणी नाही त्यांच्यासाठी. तुझंही राहिलं, माझंही राहिलं. फक्त त्या खोलीची किल्ली मुख्याध्यापकाकडे, म्हणजे आता त्यांच्याकडेच असते, हे ते विसरले होते. आता बिचारे कानटोपी घालून सगळ्यांच्या आधी कुलपाशी झटापट करत असतात.

तर अक्षराचं कारण. ती नेहमीची घंटा वाजवायला मी हात वर केला आणि गोठलेल्या पायरीवरून माझे पाय माझ्या आधी निघून गेले. उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, हा सगळा डाव्याचा प्रताप. घाबरू नकोस, हाड जुळेल, आणि हाडाबरोबर खोडही थोडी मोडली आहे. त्या दोघी बहिणी सकाळी येऊन माझ्या स्वेटरची बटणं लावून जातात. एक बटण दररोज चुकतं आणि मी दिवसभर तशीच वाकडी बसते, लहानपणी तू शाळेत माझ्या खोलीत बसायचीस तशी. तुझं बरोबर होतं, ठमे, आणि मला तुझी फार आठवण येते. फोन उचलायचा नसेल तर नको उचलूस, पण ये. दवाखाना टाकून लगेच निघता येत नाही, ठाऊक आहे मला. लांब घंटा वाजली आहे असं समज.

तुझीच, एकहाती,
आई