वांगी रंगाचं विमान

इंदिरानगर, नाशिक
बुधवार, दुपार

प्रिय दिशू,

तुझा फोटो आठ दिवसांपूर्वी मिळाला. खाली हुकूमही होता, ‘पप्पा, ताबडतोब मार्क द्या.’ मी गप्प बसलो म्हणून तू फुगली असशील. तू एवढीशी होतीस तेव्हापासून आपला खेळ आहे हा, विमान दिसलं की त्याच्या रंगाला दहापैकी मार्क द्यायचे, आणि तू नेहमी दहाच द्यायचीस. तर घे, माझे सात. येवल्याची पैठणी विमानाला नेसवायची कल्पना ज्या कोणाची असेल त्याला माझी शाबासकी सांग. सगळं अंग वांगी रंगाचं, खिडक्यांखालून नारळी काठ आणि शेपटीवर मोर! हल्ली पांढऱ्या अंगावर भलंमोठं नाव लिहून मोकळे होतात, त्यापेक्षा हजारपटीने बरं. परवा एका कंपनीने तर नाव पोटाखाली लिहिलेलं पाहिलं. ते वाचायचं म्हणजे माणसाने पाथर्डी फाट्यावर उताणं झोपायला हवं. पण तुमच्या मोराची मान आखूड झाली आहे, आणि काठ दारावरून ओढलाय ते साफ चुकलं. दार उघडलं की पदर टरकावल्यासारखा दिसणार. तीन मार्क तिथे गेले.

हे फोनवरही सांगता आलं असतं. तीनदा फोन केलाही होता. एकदा तुझ्या जेवणाचं विचारलं, एकदा इथल्या थंडीबद्दल बोललो, तिसऱ्यांदा तुझ्या आईच्या गुडघ्यांबद्दल, आणि ठेवून दिला. म्हणून लिहायला बसलो. शेजारचा समाधान उद्या पंचवटीने मुंबईला येतोय, त्याच्या हाती हे पत्र देतो आहे. तुझ्याच हातात द्यायचं, मैत्रिणीकडे ठेवायचं नाही, असं त्याला बजावलंय.

रविवारी या नव्या रंगातली पहिली फेरी ओझरहून दिल्लीला, येवल्याचे विणकर पाहुणे, तू त्या विमानात कामावर, आणि आम्हा दोघांची तिकिटं तू काढलेली. तुझ्या आईचं अख्ख्या सोसायटीला सांगून झालंय. मी येत नाही म्हटल्यावर तिचा पारा असा चढला की नांदगावची भाषाच बाहेर आली. “जलमभर इमानं रंगवली आन् बसायची येळ आली की यांच्या पोटात गोळा येतो! लय झालं तुमचं!” तुलाही तेच वाटतं, पप्पा विमानाला घाबरतात. मी तसं वाटू दिलं, सोपं होतं ते. पण मी विमानांना घाबरत नाही, दिशू. मला या एकाच विमानाची भीती वाटते.

पांढरा रंग बरंच पोटात घालतो. पत्र्याचा पोचा, उंचवटा, काहीही असो, पांढऱ्यात दिसत नाही. गडद चकचकीत रंगाचं तसं नसतं, त्यावर उजेड जिथे अडखळतो तिथे नजरही अडखळते. तुझ्या फोटोत तू मागच्या दाराजवळ उभी आहेस, छान हसते आहेस. तुझ्या खांद्यामागे दुसऱ्या खिडकीच्या खाली एक चौकोन जरासा वर आलेला दिसतो. ते दुरुस्तीचं ठिगळ आहे, पत्र्यावर पत्रा बसवलेलं. त्याचा एक कोपरा तिरका कापलेला आहे. दुसऱ्या कोणाच्या लक्षातही येणार नाही, पण मी तो फोटो मोठा करून पाहिला आणि ओळखलं. त्या ठिगळावर रंग मी दिला होता.

तरी म्हटलं, असंच ठिगळ दुसऱ्या विमानालाही असू शकतं. म्हणून तुला दाराजवळच्या पाटीवरचा कारखान्याचा नंबर विचारला. तू हसलीस, “पप्पा, विमानाची पत्रिका जुळवताय का?” देशाप्रमाणे विमानाचं बाहेर लिहिलेलं नोंदणीचं नाव बदलतं, हा नंबर मात्र जन्मभर तोच राहतो. तू पाठवलेला नंबर माझ्या जुन्या डायरीतल्या नंबराशी तंतोतंत जुळला. मध्ये किती वर्षं ते परदेशात फिरत होतं, आता भाड्याने तुमच्या कंपनीकडे आलंय.

सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. तू तिसरीत होतीस आणि मी दूरच्या शहरात एका हँगरमध्ये रंगाऱ्याचं काम करत होतो. माझा हात हलका म्हणून कौतुक होतं. आमचे मुख्य रंगारी निवृत्तीमामा पाहुण्यांना माझ्यापाशी आणून म्हणायचे, “याची रेघ बघा.” मी चढून गेलो होतो, खोटं कशाला बोलू? नवा रंग देण्याआधी पत्र्यांच्या जोडावरचा जुना रंग आणि फटीत भरलेलं लुकण काढावं लागतं, आणि तिथे फक्त प्लॅस्टिकची पट्टी वापरायची, असा नियम होता. त्यात अर्धा दिवस जातो. मी ब्लेड घेतलं. घाई नव्हती, कोणी सांगितलंही नव्हतं. माझा हात चुकत नाही हे मला दाखवायचं होतं. ठिगळाच्या जरा वरच्या जोडावर ब्लेड धातूला लागलं. वीतभर लांबीची चकाकती रेघ उठली, नखाला जेमतेम लागेल एवढीच. मी इकडेतिकडे पाहिलं. निवृत्तीमामा चहाला गेले होते. मी तिच्यावर प्रायमरचा हात मारला. संध्याकाळी काम लवकर उरकलं म्हणून शाबासकी मिळाली, आणि मी ती घेतली.

दोन वर्षांनी एक इंजिनिअर आम्हाला शिकवायला आला. वर गेल्यावर आतल्या हवेच्या दाबाने विमानाचं अंग फुगतं, खाली आल्यावर बसतं, असं दर फेरीला. जोडावर ओरखडा असेल तर तो दर फुगण्याबरोबर खोल जातो, रंगाखाली चीर वाढत राहते आणि बाहेरून काही कळत नाही. तेव्हा हात वर करायला हवा होता. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो, आणि मी हात वर केला नाही. नोकरी जाईल, मामांची मान खाली जाईल, असं काहीबाही मनाला सांगितलं.

तेव्हापासून ‘कदाचित’ या एका शब्दावर जगतोय. कदाचित पुढच्या तपासणीत कोणाला दिसलं असेल. कदाचित तो पत्राच बदलला असेल. कुठे अपघाताची बातमी आली की मी आधी विमान कोणतं ते बघतो, माणसं किती गेली ते नंतर. ते विमान परदेशी विकलं गेल्याचं कळलं त्या दिवशी मी घरी पेढे आणले होते. कशाचे म्हणून तू विचारलंस, तर गुरुवार आहे म्हणालो. तिकडे त्यात बसणारी माणसं नव्हती का? हा विचार मला त्या दिवशी शिवलासुद्धा नाही. आता त्याच दाराशी तू उभी आहेस तेव्हा सुचतोय, याची जास्त लाज वाटते.

विमान रविवारपर्यंत जमिनीवरच आहे, असं तू म्हणालीस. शुक्रवारी सकाळी मी मुंबईला येतोय, थेट तुमच्या कंपनीच्या सुरक्षा विभागात. त्यांनी त्या जोडावरचा रंग खरवडून आतला पत्रा तपासला पाहिजे. तुझी पहिली फेरी बुडेल, माझ्यामुळे तुझ्याकडे लोक वेगळ्या नजरेने बघतील, आणि तुझ्या आईला काय सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही. पण पत्र लिहिण्याचं खरं कारण याहून वाईट आहे. मी सतरा वर्षं गप्प बसलेला माणूस आहे आणि मी स्वतःला ओळखतो. शुक्रवारी त्या फाटकापाशी माझे पाय मागे फिरतील, याची मला विमानाइतकीच भीती वाटते. म्हणून हे सगळं माझ्या हाताने, ठिगळासकट आणि नंबरासकट, लिहून तुझ्याकडे देतोय. नंबर लिहिलेलं डायरीचं पान सोबत जोडलं आहे. शुक्रवारी दुपारी चारपर्यंत त्यांच्याच ऑफिसातून माझा फोन आला नाही, तर माझी वाट बघू नकोस आणि माझी कीव करू नकोस. हे पत्र घेऊन तू स्वतः आत जा. अक्षर कोणाचं म्हणून विचारलं तर माझ्या बापाचं म्हणून सांग.

तुझाच,
पप्पा