इंजिनाला रंग कोणता

बेकर्सफील्ड, ४ मार्च १९८४

चि. ड्वेनला ताईचे अ. उ. आ.

तुझं नाताळचं कार्ड वेळेवर पोचलं होतं, उत्तराला मात्र मार्च उजाडला. रागावू नकोस. तुझ्या फर्नचा खोकला गेला का? तिला म्हणावं, नवऱ्याच्या रंगाच्या खोपटात जाऊन बसू नकोस, निम्मा खोकला तिथलाच आहे. इकडे आम्ही दोघं भावंडं ठीक. मी अजून शाळेच्या स्वयंपाकघरात आहे. दिवसभर चारशे मुलांना वाढते आणि घरी आल्यावर क्लेटनचं ऐकते.

काय ऐकते ते सांगते. क्लेटनने ती गाडी पुन्हा बांधायला घेतली आहे. तीच, बत्तीस सालची फोर्ड, तुम्ही दोघांनी टप आणि मडगार्डं काढून शर्यतीसाठी सोलून ठेवली होती ती. एकतीस वर्षं ती कोठारात ताडपत्रीखाली पडून होती, आणि तेवढीच वर्षं आपल्या पत्रांत तिचं नाव निघालं नाही. आता मीच काढते आहे. सांगाडा सरळ झाला, अंगाला काळा रंग लागला, इंजिन नव्याने भरून तयार आहे. अडलंय ते इंजिनाच्या रंगापाशी. क्लेटन म्हणतो, इंजिन उघडं राहणार, लोक आधी तेच बघणार, तेव्हा रंग चुकला की गाडी चुकली.

कॉफीच्या डब्यांची अकरा झाकणं रंगवून त्याने माझ्या ओट्यावरच्या खिडकीत मांडली आहेत. तासाला एकदा काठी टेकत येतो, झाकणांच्या जागा बदलतो, परत जातो. परवा इंजिन निळं केलं आणि वाळायच्या आत थिनरने पुसूनही काढलं. बिस्किटांनासुद्धा थिनरचा वास येत होता. मेच्या शेवटी इथे जुन्या गाड्यांचा मेळावा आहे, तोवर त्याला गाडी रस्त्यावर हवी आहे.

तू तीस वर्षं लोकांच्या गाड्या रंगवतोस, तुला कळेल. क्लेटनने मला लिहायला सांगितलेलं नाही. पण मी समोर बसून लिहिते आहे आणि त्याने मला थांबवलेलंही नाही.

लोभ आहेच, त्याला गंज चढू देऊ नकोस.

तुझी नोलाताई


बॉइसी, १३ मार्च

ती. ताईस ड्वेनचा सा. न.

पत्र मिळालं. फर्न बरी आहे, आणि खोपटात बसू नकोस हे तिने मला तीनदा वाचून दाखवलं.

रंगाचं म्हणशील तर सोपं आहे. कारखान्यातून ही इंजिनं गडद हिरवी यायची, तोच द्यावा. नाहीतर राखाडी. आधी लोखंड साबणाने, मग थिनरने इतकं धुवायचं की पांढरं फडकं फिरवलं तर पांढरंच राहिलं पाहिजे. अस्तराचा एक पातळ हात, वर रंगाचे दोन, तेही पातळ. उष्णता सोसणाराच रंग घ्यायचा. दादाला घाई असते, त्याला म्हणावं दोन हातांच्या मधे वाट बघ.

लाल देऊ नये. लाल रंग इंजिन तापलं की विटकरीसारखा होतो.

आणखी एक विचारायचं होतं. अॅक्सिलरेटरपासून कार्बोरेटरला जाणारी सळई जुनीच बसवली आहे की नवी केली? जुनी असेल तर टाकून द्यावी. कुणी बसवली, आणि टोकाला पिन घातली आहे का, तेही नीट बघायला सांग. एवढं जरूर कळव.

इकडे अजून बर्फ आहे. बाकी ठीक. मायेत अंतर नको.

तुझा, ड्वेन


बेकर्सफील्ड, २५ मार्च

चि. ड्वेन, अ. आ.

तुझं पत्र जेवताना वाचून दाखवलं. लाल विटकरीसारखा होतो हे ऐकून क्लेटन इतका हसला की त्याला ठसका लागला. म्हणाला, म्हणजे देशभरातले आगीचे बंब विटकरी झाले असतील आणि आपल्याला कुणी कळवलं नाही. तो तुझ्याविषयी काही म्हणाला आणि त्यात हसला, हे मी फार दिवसांनी ऐकलं. पण सळईचं वाचलं तेव्हा त्याने काटा खाली ठेवला. उठून कोठारात गेला तो अंधार पडेपर्यंत आला नाही.

तुझ्या सांगण्यावरून हिरवा लावून बघितला. म्हणाला, ज्या इस्पितळात सात महिने काढले त्याच्या भिंती या रंगाच्या होत्या. पुसला. राखाडी लावला, तर म्हणे ही लढाऊ बोट नाही. तोही पुसला. आता लोखंड उघडं आहे आणि रोज सकाळी त्यावर तांबूस बुरा धरतो. मी कामावर जाण्याआधी तेलाच्या फडक्याने तो पुसते. किती दिवस पुसायचा?

ड्वेन, मी कधी काही विचारलं नाही. त्या शनिवारी क्लेटनला कोरड्या तळ्यावरच्या शर्यतीतून सरळ इस्पितळात नेलं आणि तू एकटा घरी आलास. तुझ्या नखांत लाल रंग होता. आईला वाटलं रक्त आहे. तिने तुझे हात घासलेटने घासले आणि तू वीस वर्षांचा बाप्या लहान मुलासारखा हात पुढे करून उभा राहिलास. नोव्हेंबरात तू निघून गेलास. आईच्या दफनाला आलास, तो क्लेटनकडे न बघता परत गेलास.

आता विचारते. काय झालं होतं? रंगाच्या निमित्ताने का होईना, सांग.

तुझी काळजी करणारी, नोलाताई


बॉइसी, ८ एप्रिल

ती. ताई, सा. न.

हे पत्र चौथ्यांदा लिहितो आहे. आधीची तीन फर्नने कचऱ्यातून काढून वाचली आणि म्हणाली की पहिलं होतं तेच खरं होतं. तेच पुन्हा लिहितो.

शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी दादा बर्फ आणि पेट्रोल आणायला गावात गेला होता. मी तळ्याच्या काठावर गाडीपाशी एकटा होतो. इंजिन नुसतं काळपट लोखंड होतं. त्याला चकित करावं म्हणून मी ट्रॅक्टरचा लाल रंग आणून ठेवला होता. मधे येत होती म्हणून सळई काढली. ती परत बसवताना टोकाची पिन वाळूत पडली. खूप शोधली, मिळाली नाही. मग तारेचा तुकडा पिळून लावला. म्हटलं, उद्या सकाळी पिन घालू.

दादा आला, इंजिन बघितलं, आणि त्याने मला कमरेला धरून उचललं. आजूबाजूच्या सगळ्या पोरांना हाका मारून दाखवत सुटला की बघा, माझ्या भावाने काय केलंय. ताई, मी त्या वेळी तारेचं बोललो नाही. इतका खूश होता तो. सकाळी मी पिन मागायला दुसऱ्या गाडीवाल्याकडे गेलो, परत येतो तर दादा रांगेत पुढे पोचला होता. मी हात केला. त्याला वाटलं मी शुभेच्छा देतोय. त्यानेही हात केला.

पुढे तुला माहीत आहे. शेवटी वेग कमी करायचा तेव्हा तार सुटून सळई अडकली, वेग कमी झालाच नाही, आणि गाडी उलटली. इस्पितळात मी दोनदा आलो. दोन्ही वेळा दारातून फिरलो.

म्हणून लाल नको. म्हणून सळईचं विचारलं. मी गिऱ्हाइकांच्या गाड्या बाहेरून रंगवतो, इंजिन त्यानंतर एकही रंगवलं नाही. हे दादाला सांगायचं की नाही ते तू ठरव. माझ्याने झालं नाही.

माया करतेस हे ठाऊक आहे. पुढे केली नाहीस तरी समजेन.

ड्वेन


बेकर्सफील्ड, १६ एप्रिल

ड्वेन,

आशीर्वाद वगैरे ताई लिहिते, मला त्यातलं जमत नाही. अक्षर वाईट आहे, समजून घे.

ताईने तुझं पत्र मला वाचून दाखवलं. दाखवू का म्हणून विचारलं नाही. अॅप्रन तसाच ठेवून उभ्याने वाचलं.

तार मी पाहिली होती. सकाळी रांगेत असताना. लाल रंगावर ती चकचकत होती. खिशात पक्कड होती आणि डब्यात पिना होत्या. पाच मिनिटांचं काम. पण रांगेतून बाजूला व्हावं लागलं असतं आणि नंबर दुपारवर गेला असता, आणि दुपारी वारा सुटतो. मी तारेला बोटांनी आणखी एक पीळ दिला आणि बसलो. मी. तू नाही.

माझा राग तारेचा नव्हता. तू गेलास याचा होता. मला वाटलं, माझा पाय तुला बघवत नाही. नंतर कधीतरी लक्षात आलं की तू स्वतःला दोष देत असशील. एक ओळ लिहिली असती तरी पुरे होतं. लिहिली नाही. मी इथे पडून होतो आणि तू तिकडे हिंडत होतास, तेव्हा तुलाही थोडं टोचू दे असं वाटायचं. मग वर्षं गेली आणि लिहायची लाज वाटायला लागली. हे तुझ्या तारेपेक्षा वाईट आहे, मला कळतं.

रंग पत्राने ठरत नाही. तू ये. स्प्रे-गन स्वतःची आण, माझी थुंकते. सळई नवी केली आहे, पिन मी घातली आहे. तू येऊन बघ.

क्लेटन


बेकर्सफील्ड, ३ जून

चि. ड्वेन आणि सौ. फर्न यांना अ. उ. आ.

तू सुखरूप पोचल्याचं फर्नने फोनवर सांगितलं. तुझा एक मोजा इथे राहिला आहे.

तुम्ही दोघं आठ दिवस एका कोठारात होतात आणि त्या शनिवाराबद्दल एक अक्षर बोलला नाहीत. मी दारातून ऐकत होते, खोटं कशाला सांगू. पिन मात्र तू रोज बघायचास आणि तो रोज तुला बघू द्यायचा. रंगावरून भांडलात ते मात्र पोटभर. आता त्याला लालच हवा, तुला काही झालं तरी लाल नको. पाचव्या दिवशी मला दोघांचा वीट आला आणि मी म्हटलं की सायीसारखा पिवळसर पांढरा द्या. दोघंही माझ्याकडे असे बघायला लागलात जणू मांजर बोललं. तू धंद्यातला, तू म्हणालास की त्यावर तेलाचा थेंबन् थेंब दिसेल. मी म्हटलं, मग बरंच की, कुठून गळतंय ते लगेच कळेल. का हवा विचारलंस तेव्हा मी उत्तर दिलं नाही. मला आवडतो म्हणून. या घरात हे कारण चालतं की नाही, मला खात्री नव्हती.

ड्वेन, रंग इतका सुंदर बसला आहे की मी सकाळी कॉफी घेऊन तिथेच जाते.

तू गेल्यावरचं सांगायचं आहे. मेळाव्याच्या सकाळी क्लेटन नवा शर्ट घालून गाडीत बसला. बराच वेळ बसला. इंजिन चालू केलं नाही. मी जवळ गेले तेव्हा म्हणाला की डावा गुडघा वाकत नाही, क्लच दाबला जात नाही, आणि हे त्याला जानेवारीपासून माहीत आहे. सीट मागेपुढे करून सगळं करून झालं होतं. तेव्हा मला कळलं की निळा, हिरवा, राखाडी का पुसला जात होता. रंग ठरला नाही तोवर गाडी पुरी नव्हती, आणि पुरी झाली नाही तोवर त्यात बसून बघावं लागत नव्हतं.

तो म्हणाला, ड्वेनला कळव, गाडी तूच घेऊन जा. मी म्हटलं, सरक. त्याला कळेना. मी पुन्हा म्हटलं की सरक तिकडे, मला बसू दे.

तुला ठाऊक नसेल, तू गेल्यावर त्या डिसेंबरात मला सॅक्रामेंटोला नोकरी लागली होती. तिकीट काढलं होतं, पेटी भरली होती. मग क्लेटनला घरी आणलं आणि पेटी रिकामी केली. कुणी कर म्हटलं नव्हतं, म्हणून कुणावर राग धरता आला नाही. एवढंच. आता लिहिलं, बरं वाटलं.

मी सत्तावन्न वर्षांची आहे आणि मेळाव्याला गाडी मी नेली. पहिल्या चौकात दोनदा बंद पाडली. क्लेटन शेजारी बसून ओरडत होता, गिअर कधी, ब्रेक कधी. गावाबाहेर रस्ता मोकळा झाला तसा तो गप्प झाला. मी वेग वाढवला. आणखी वाढवला. वळून बघितलं तर त्याने टोपी काढून मांडीवर धरली होती आणि डोळे मिटून तोंड वाऱ्याला दिलं होतं.

मेळाव्यात एक जण इंजिनाकडे बोट दाखवून म्हणाला की हा रंग चुकलाय, या गाडीला असा नसतो. क्लेटन त्याला म्हणाला की गाडी माझी नाही, हिची आहे, हिला सांगा.

शाळा आठ तारखेला सुटते. चौदाला आम्ही दोघं निघतो, बिनटपाच्या गाडीतून, रोज जमेल तेवढं. पाऊस लागला तर भिजू. फर्नला म्हणावं दोन खाटा लागतील, आणि क्लेटन घोरतो.

माया आहेच, ती घेऊन येतेच आहे.

तुझी ताई, नोला