घड्याळातली घरघर

दादा,

बाबांचं घड्याळ मी घालून गेलेय, कपाटात शोधत बसू नकोस. हात हलवला की आत घरघरतं, म्हणून तू ते भंगारात काढायला निघालास. अरे, ते बिघडलेलं नाही! आतलं अर्धगोल वजन हाताबरोबर फिरतं, त्यानेच घड्याळाला चावी मिळते. तो आवाज यायलाच हवा.

काल दुकानाची जागा विकायचं ठरवताना सगळ्यांसमोर म्हणालास, "हिला काय कळतंय?" शेवटची दोन वर्षं बाबांना दिसत नव्हतं. दुकानातली घड्याळं मी दुरुस्त करायचे, ते नुसती कानाला लावून तपासायचे. तुला कळू दिलं नाही, एवढंच.

आजपासून दुकान मी उघडतेय. जागा विकत घ्यायला कुणी आलंच, तर त्याला बंद पडलेलं घड्याळ घेऊन पाठव. दुरुस्त करून देईन.

धाकटी