अनिलच्या कार्डावरचे एकतीस बळी

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क
८ नोव्हेंबर २०२५

प्रिय कमरुद्दीन दुल्हेभाई यांस,
जहूरचा सलाम वि. वि.

फोनवर तुम्ही विषय हसण्यावारी नेता, म्हणून हे पत्र शेजाऱ्याच्या हाती पाठवतो आहे.

आपल्या टीमला पंचवीस वर्षे झाली. टीमच्या खोलीत फलक लावायचा आहे आणि सर्वांत वर टीमच्या सर्वोत्तम गोलंदाजाचे नाव येणार. नवा कप्तान फैज याने माझ्या जुन्या स्कोअरच्या वह्या मागून नेल्या. त्याचा हिशेब असा: तुमचे चार हंगामांत अठ्ठ्याहत्तर बळी, मग तुम्ही बड्या कंपनीच्या टीममध्ये गेलात. अनिलचे २००४च्या एकाच स्पर्धेत एकतीस, आपला एकमेव कप त्याच वर्षीचा, आणि तो टीम सोडून कुठे गेला नाही. फैज म्हणतो, कमरुचाचा मोठे झाले ते दुसऱ्यांकडे, आपल्याला त्यांनी दिले काय?

खरे काय ते तुम्हाला ठाऊकच आहे. त्या स्पर्धेत फक्त अल क्वोजच्या कंपन्यांचे लेबर कार्ड चालत असे, आणि तुमचा व्हिसा शारजाचा. अनिलच्या कार्डावर तुम्ही खेळलात. फोटोत दोघांना मिशा होत्या, तेवढ्यावर निभावले. तो बिचारा पाण्याच्या बाटल्या भरत बसला, आणि मी वहीत त्याचे नाव लिहीत गेलो. आता खरे सांगितले तर कप परत करावा लागेल. नमाजात लक्ष लागत नाही. काय करू?

आपाला सलाम. माया आहे तशीच राहू द्या.
तुमचा मेहुणा,
जहूर


रत्नागिरी
१९ नोव्हेंबर २०२५

चि. जहूर यास,
अनेक उत्तम दुवा.

पत्र तुझ्या आपाने मोठ्याने वाचले आणि वर म्हणाली, माझा भाऊ अजून मौलवी कसा झाला नाही!

मी गेलो, कारण त्यांनी फॅमिली व्हिसा दिला आणि तुझी आपा दुबईत येऊ शकली. त्याचा पस्तावा नाही. पण फैजचा प्रश्न दोन दिवस डोक्यातून जाईना. त्या कंपनीने माझा फोटो भिंतीवर लावला, पुढे कंपनी बंद झाली, फोटो कुठे गेला कोण जाणे. आपल्या खोलीत नाव असावे असे वाटते. खोटे कशाला बोलू?

तरीही राहू दे. अनिल आपल्या मुलाला, देवांशला, ते एकतीस बळी वर्षानुवर्षे रंगवून सांगतो. पोरापुढे त्याला खाली बघायला लावू नकोस. तू ऐकणार नाहीस, हेही ठाऊक आहे.

तब्येत सांभाळ. आठवण काढत जा.
कमरुद्दीन


दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क
८ डिसेंबर २०२५

प्रिय दुल्हेभाई यांस,
सलाम वि. वि.

ऐकले नाही, माफी असावी. मात्र आधी एकटाच खलिफा सिटीला जाऊन अनिलला भेटलो. त्याने चहा ढवळत ऐकून घेतले. मग खलास म्हणाला आणि देवांशला हाक मारून स्वतःच सारे सांगितले. देवांशने इंग्रजीत विचारले, मग बाबा, तुम्ही तेव्हा काय करत होता? अनिलने बाटल्यांचे सांगितले. पोरगा इतका हसला की अनिललाही हसू आले.

शनिवारी मीटिंगमध्ये मी वहीतली चूक माझी म्हणून कबूल केली. दोघे-तिघे चिडले, एकाने मला हाजी म्हणून टोमणा मारला. फैज मात्र वहीच उघडून बसला. मग म्हणाला, म्हणजे आपला कप चाचांनीच आणला होता, आणि आता त्यांच्यामुळेच जाणार. फलकावर वर तुमचे नाव आले. आकडा अठ्ठ्याहत्तरच ठेवला. ते एकतीस ना अनिलचे, ना तुमचे.

काल अल क्वोजला जाऊन कप शैलेंद्रला दिला. फायनल हरलेल्या टीमचा तो कप्तान, आता गॅरेज चालवतो. मला वाटले, ओरडेल. त्याने कप बाजूला ठेवला, हात पुसले आणि पहिला प्रश्न हाच केला की तो बोलर आहे कुठे? शेवटच्या चेंडूवर त्याचाच त्रिफळा उडाला होता. तो चेंडू आत आला की सरळच राहिला, हे त्याला एकवीस वर्षांत उलगडलेले नाही.

मी वहीत पाहिले. तिथे नुसते ‘त्रिफळा’ आहे. शैलेंद्रचा नंबर पत्रामागे लिहिला आहे, तुम्हीच फोन करा. तो वाट पाहतो आहे.

तुमचा,
जहूर