स्कूबाचा फॉर्म

अहो,

तुम्ही बदनापूरहून घरी येईपर्यंत आमची हैदराबादची गाडी परभणीपुढं गेलेली असेल. आमची म्हणजे माझी अन् शालूची. अंदमानचं तुमचं तिकीट रद्द करून मी माझ्या बहिणीचं काढलं. विमानाच्या अन् बोटीच्या वेळा तुम्ही बराबर जुळवल्यात, त्या तशाच ठेवल्या.

स्कूबाच्या फॉर्मवर दमा आहे का, असं विचारलंय. तुम्ही 'नाही' लिहिलं. मला बघायला आल्ते तेव्हा माझ्या बाबांनी विचारलं, तर तुमच्या घरचे सगळे न्हाईच म्हणले होते. सहा वर्षं झाली, बाथरूमचा नळ सोडून तुम्ही पंप ओढता, मला बाहेर ऐकू येतं. मंग काल मीच फोन करून स्कूबावाल्यांना खरं सांगितलं. डॉक्टरच्या कागदाशिवाय ते तुम्हाला पाण्यात बिलकुल उतरू देणार न्हाईत.

दशम्या दोघांपुरत्याच होत्या, त्या नेल्या. पंप हॉलच्या शोकेसमध्ये ठेवलाय, आल्यागेल्याला दिसू द्या.

साऱ्या पाहुण्यांत हसून म्हणाला होतात, "आकांक्षा पाण्याला भिते, ती काठावर बसून आमचे फोटो काढील." मी पाण्याखालून फोटो पाठवीन. तुम्ही बसा काठावर.

आकांक्षा