आठ घड्यांची चिठ्ठी

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मुंगी सुखरूप पोचल्याचं तुझं कार्ड मिळालं. तिच्या बॅगेत डावीकडच्या कप्प्यात मोजे आहेत. ते तिला सापडणार नाहीत, कारण माझ्या या लेकीला समोर ठेवलेलं ताटसुद्धा सापडत नाही. मुंगे, हे पत्र तूच मोठ्याने वाचत असशील तर इथे थोडी लाज वाटून घे आणि पुढे वाच.

आमच्या धुलाईघरात नवा रोलर आला आहे. ओली चादर एका बाजूने घातली की दुसरीकडून कोरडी, कडक होऊन बाहेर येते. माझी जोडीदारीण म्हणते की एकदा आपल्या दोघींनाही त्यातून काढा, निदान सुरकुत्या तरी जातील. माझ्या कामाच्या वेळा बदलल्या नसत्या तर मुंगीला परीक्षेपर्यंत तुझ्याकडे धाडलं नसतं, पण तिला तुझ्या बाइंडिंगच्या कारखान्याचं वेड आहेच. हे रोज कुठल्या ना कुठल्या लिफ्टच्या खड्ड्यात उतरून काळेकुट्ट होऊन घरी येतात आणि मुंगीची खुर्ची रिकामी बघून उगाच रेडिओ मोठा करतात. बाकी मी मजेत आहे.

दोघींवर माझी माया आहे, तुमचीही असू द्या.

तुझी,
धाकटी

(पाकिटाच्या तळाशी, आठ घड्या घातलेली चिठ्ठी)

ताई, ही फक्त तुझी. वाचलीस की फाडून टाक.

छातीत डाव्या बाजूला, काखेकडे गाठ आहे. चादरीचं टोक वर धरलं होतं, खाज आली म्हणून दुसऱ्या हाताने चाचपलं, तेव्हा लागली. गोटीएवढी आहे. दुखत नाही, दाबली की सरकते. तीन आठवडे मी कुणाला सांगितलं नाही. आता डॉक्टरीणबाई सोनोग्राफी करणार आणि मग सुई घालून तपासणार आहेत.

आपण आत्याकडे होतो ते दिवस आठवतात का गं? आईचं पत्र यायचं, तू मोठ्याने वाचायचीस, शेवटी मी मजेत आहे असं असायचं. आणि तळाशी अशीच आठ घड्यांची चिठ्ठी, फक्त आत्यासाठी. ती घेऊन आत्या न्हाणीघरात जायची आणि डोळे धुऊन बाहेर यायची. बाबांनी तर आपल्याला लिहिलं होतं की साधी गाठ आहे, काळजी करू नका. आपण घरी आलो तेव्हा आईच्या खाटेवरची गादी गुंडाळून ठेवलेली होती.

मुंगीने मला झिजताना बघू नये म्हणून तिला धाडलं. बघ, मीही तेच करते आहे. दुसरी रीत मला येतच नाही. खालच्या दुकानातल्या फोनवर हे बोलायची सोय नाही, तिथे चार जण कान लावून बसलेले असतात.

•

११ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्याच हाती पडणार म्हणून चिठ्ठी वेगळी करत नाही. तुझी चिठ्ठी दोनदा वाचली. मग तुझा राग आला. चादरीवर चहाचा डाग दिसला तर तू जिवाचं रान करतेस, आणि स्वतःच्या अंगावरची गाठ तीन आठवडे दडवतेस. आता तपासणीची एकही तारीख चुकवलीस तर मी तिथे येऊन तुझा कान धरेन. चाळिशीला आलीस तरी धरेन.

मुंगीची काळजी करू नकोस. शाळेतून आली की माझ्याशेजारी स्टुलावर बसते. मी तिला कागद दुमडायची हाडाची पट्टी दिली आहे. पोरीचा हात इतका स्वच्छ आहे की मला हेवा वाटतो. कागदाला एकदा घडी पडली की ती तो विसरत नाही, हे तिला शिकवलं. जुन्याच घडीवरून उघडा, जुन्याच घडीवरून मिटा, कुणी हात लावल्याचं कळायचं नाही. हिशेबाच्या जाड वह्या दुरुस्तीला येतात, त्यांची पानं ती अशीच सोडवते.

टपाल फोडायचं काम तिने स्वतःकडे घेतलं आहे. तुझं पत्र ती रेडिओवर बातम्या देतात तशा थाटात वाचते. चिठ्ठी मात्र न उघडता माझ्या हातात देते. कामाचा कागद असतो असं मी तिला सांगून ठेवलं आहे. फाडून टाक म्हणालीस, पण तुझं अक्षर माझ्याने फाडवलं नाही. पुठ्ठ्यांच्या कपाटात ठेवली आहे.

तुझ्याकडे जीव लागला आहे, तो टांगून ठेवू नकोस. लवकर लिही.

ताई

•

२० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मुंगे, तुझा बातम्यांचा थाट मावशीने कळवला. तर आजच्या ठळक बातम्या अशा की तुझ्या बाबांनी स्वतः भाजी चिरली आणि बोट वाचवलं. मी मजेत आहे. थोडी दगदग होते इतकंच. परीक्षेचा अभ्यास कर आणि मावशीच्या चिकट सरसाच्या डब्यात बोटं घालू नकोस.

माया पातळ होऊ देऊ नका.

धाकटी

(चिठ्ठी)

ताई, सुई झाली. निकाल दोन आठवड्यांनी. सोनोग्राफी करणारी बाई पडद्याकडे बघत इतका वेळ गप्प बसली की मला सगळं कळलं. ती एरवीही गप्पच असेल असं हे म्हणतात, पण यांना काय कळतं.

मी काय सांगते ते नीट ऐक. माझं काही झालं तर मुंगीला तुझ्याकडेच ठेव. हे पुन्हा लग्न करतील. त्यांनी करावंही, त्यांना एकट्याने राहता येत नाही. पण मुंगीला परक्या बाईच्या हाताखाली ठेवायचं नाही. हिरवा फ्रॉक पुढच्या वर्षीही येईल, त्याची दुमड मी आत सोडून ठेवली आहे. ती झोपताना पाय उघडे टाकते. मला आईचा आवाज आठवत नाही, ताई. मुंगीलाही माझा आठवणार नाही.

•

२७ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

मी अजून काही धरून चालत नाही आणि तूही धरू नकोस. निकाल यायचा आहे. निकालाआधीच तू स्वतःला पोचवून मोकळी झालीस, हे मला सहन होत नाही.

मुंगी मात्र बिनसली आहे. पानावर बसते आणि उठते. तुझं पत्र तिने कसलाही थाट न करता सरळ वाचलं, मी मजेत आहे या ओळीपाशी थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी काय झालं म्हणून विचारलं, तर अक्षर लागत नाही म्हणाली. तुझं अक्षर आणि लागत नाही? परवा तिने विचारलं की या खोलीत आणखी एक खाट मावेल का, कायमची. मग विचारलं की मावशी, तू लग्न करणार आहेस का. मी हसले, म्हटलं आता मला कोण करून घेणार. तर तिला हायसं वाटल्यासारखं दिसलं. घरची आठवण येत असेल असं समजून मी खाट आणली. आता ती त्या खाटेवर बसून कसलीशी छोटी वही शिवते आहे, मला दाखवत नाही.

तुझ्या निकालाकडे डोळे लावून,
ताई

•

७ मार्च

ती. ताईस आणि चि. मुंगीस,
नमस्कार आणि पापा.

आज पाकिटात चिठ्ठी नाही. लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. मुंगे, नीट ऐक. आईला छातीत एक गाठ झाली होती. तुला घाबरवायचं नव्हतं म्हणून सांगितलं नाही, हे माझं चुकलं. डॉक्टरीणबाईंनी ती तपासली. ती साधी गाठ आहे. कापायचीही गरज नाही, सहा महिन्यांनी फक्त दाखवायला जायचं. परीक्षा झाली की तुला न्यायला येते.

ताई, तुला खरं सांगते, निकाल ऐकून मला आनंद झाला नाही. डॉक्टरीणबाई साधी गाठ आहे म्हणाल्या आणि मला बाबांचं पत्र दिसायला लागलं, तेच शब्द. मी त्यांना तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्या वैतागल्या, म्हणाल्या की तुम्हाला वाईटच ऐकायचं आहे का. हे बाकावर बसून रडले आणि मग चहा प्यायला गेले. मी कागद हातात धरून बसले होते. यांना आतली गोष्ट वेगळी सांगितली असेल, असं मला वाटत होतं. अजून वाटतं. जाईल हळूहळू.

तुमची दोघींची मला गरज आहे, दूर लोटू नका.

धाकटी

•

१२ मार्च

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा मी खळ ढवळत होते. मुंगीने मोठ्याने वाचलं आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मुंगी रडली नाही, हसली नाही. तिने पाकीट उलटं करून झटकलं. मग पट्टीने त्याच्या चारी कडा सोडवल्या आणि आतून बघितलं. मग मला विचारलं की चिठ्ठी कुठे आहे. नाही म्हटलं, तर म्हणाली की तू आधीच काढून घेतलीस.

मी तिची वही बघितली. तुझ्या दोन्ही चिठ्ठ्या तिने शब्दन् शब्द उतरवून घेतल्या आहेत. गादीचं, हिरव्या फ्रॉकचं, तिच्या बाबांच्या लग्नाचं, सगळं. कपाटातून काढायची, उतरवायची आणि जुन्याच घडीवरून मिटून ठेवायची. हे मीच शिकवलं, धाकटे. मीच शाबासकी दिली.

मी तिला जवळ घेऊन सगळं समजावलं. ती ऐकून घेते. पण तिचा हिशेब सरळ आहे. मोठ्याने वाचायच्या पत्रात खोटं असतं आणि चिठ्ठीत खरं असतं. दोन्ही वेळा तसंच निघालं होतं. या वेळी चिठ्ठीच नाही, म्हणजे खरं इतकं वाईट आहे की लिहितासुद्धा येत नाही. तू आता चिठ्ठीत लिहून पाठवलंस तरी उपयोग नाही. मी चिठ्ठ्या वाचते हे तुम्हाला कळलं आहे, असं ती मला म्हणाली.

तू ये. डॉक्टरांचा कागद घेऊन ये. माझी अक्कल संपली.

ताई

•

२४ मार्च

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

तू रविवारी गेलीस तेव्हा तुझा चेहरा उजळला होता, म्हणून हे लिहायला हात धजत नाही. पण आता तुझ्यापासून काही दडवायचं नाही असं मी ठरवलं आहे.

तुझ्यासमोर मुंगी भरभरून बोलली, दोनदा वाढून घेतलं, तुझ्या मांडीवर बसून डॉक्टरांचा कागद वाचला आणि पटलं म्हणाली. परीक्षा संपेपर्यंत इथेच राहीन म्हणाली ते तुला शहाणपणाचं वाटलं. तुझी बस वळली आणि तिने माझा हात सोडला. घरी येऊन तिने मला अगदी शांतपणे विचारलं की असा कागद टाइप करून मिळतो का. आपण नाही का जुन्या वह्यांना हुबेहूब जुनी पाठ करून देतो, असं म्हणाली. मी रागावले. ती लगेच हसली आणि सॉरी म्हणाली. ते हसू मला ओळखीचं वाटलं. आई आपल्याला बसस्टँडवर सोडायला आली होती तेव्हा तशीच हसली होती.

तिने तुम्हाला पत्र लिहिलं आहे. पाकीट तिनेच चिकटवलं. मी उघडून बघितलं नाही.

ताई

•

३१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी कशी आहे ते या वेळी लिहीत नाही. लिहायला घेतलं होतं. ते वाक्य आता खरं आहे, ताई, आणि मला ते वापरता येत नाही.

मुंगीचं पत्र आलं. मोठ्याने वाचायचं पत्र छान आहे. परीक्षेत पहिला पेपर सोपा गेला, मावशी लाडू देत नाही पण ओरडतही नाही, मी मजेत आहे. पाकिटाच्या तळाशी आठ घड्यांची चिठ्ठी होती. वर बाबा असं लिहिलं होतं. हे कामावर होते. मी उघडली. ती तुला इथे उतरवून देते.

"ती. बाबांस, सा. न. ही फक्त तुमची, आईला दाखवू नका. मला पटलं असं मी आईला दाखवलं आहे. तिला तसंच वाटू द्या, म्हणजे ती रडणार नाही. मी मावशीकडे राहीन, खाट आणली आहे. तुम्ही लग्न केलंत तर मी रागावणार नाही. पण आईचं खूप दुखायला लागलं की मला घरी बोलवा. गादी गुंडाळायच्या आधी बोलवा. तुमची, मुंगी."

मी काय केलं असतं तर बरं झालं असतं, ते मला माहीत नाही. मी काय केलं ते सांगते. जुन्याच घड्यांवरून चिठ्ठी मिटली. तुझ्या विद्यार्थिनीच्या घड्या, चुकायचं काही कामच नव्हतं. पाकिटात परत ठेवली आणि पाकीट पुन्हा चिकटवून यांच्या बशीखाली सरकवलं. संध्याकाळी हे आले. हात धुतले, पाकीट घेऊन खिडकीपाशी गेले, माझ्याकडे पाठ करून चिठ्ठी वाचली. मग चिठ्ठी खिशात घातली, पत्र मला दिलं आणि रेडिओ लावला.

मी विचारलं की मुलगी काय म्हणते. मजेत आहे म्हणाले.

उरलीसुरली माया सांभाळून ठेव, कुणाला तरी लागेल.

तुझी,
धाकटी