ओ न देणारी मुलगी

प्रिय बये,

'प्रिय' सवयीने लिहिलं गेलं. खोडणार होते, पण नवा कागद घ्यायचा कंटाळा आला. तर अभिनंदन! आपण दोघींनी इंटर्नशिप केली त्या कंपनीत तुला कायमची नोकरी लागली, मला नाही, हे आता गावभर झालंय. घरी पाहुणे आले की आई घाईघाईने दुसराच विषय काढते. बाबा म्हणतात, दुसरीकडे अर्ज कर, जग काय बुडालं का? नाही बुडालं. पण उन्हाळाभर त्या एका नोकरीसाठी मी जीव टाकला होता, आणि ती का गेली हे मला आत्ता कुठे कळलंय.

तो मजला आठवतो ना? लांबच लांब टेबलं, मध्ये भिंत नाही की पडदा नाही. पहिल्याच दिवशी टीम लीडने आपल्या सगळ्या इंटर्नना कौतुकाने सांगितलं होतं, आपल्याकडे मेसेज पाठवत बसायचं नाही, खुर्चीवरून हाक मारायची आणि काम करून घ्यायचं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तेवढी तुझ्याकडे बघत राहिले. का ते तुला एकटीला माहीत होतं. लहानपणी तापात माझा डावा कान गेला, तेव्हापासून शाळेच्या बाकावर तू माझ्या डावीकडे बसायचीस आणि कुणी हाक मारली की कोपराने ढोसायचीस. अशी ढोसायचीस की दंड काळानिळा व्हायचा आणि मी तुला शिव्या घालायचे.

त्या मजल्यावर मला नेमकी टोकाची खुर्ची मिळाली. उजवीकडे खिडकीची काच, डावीकडे अख्खं ऑफिस. पण शेजारी तू होतीस म्हणून मी निर्धास्त होते. खोलीवर आल्यावर मीच तुला म्हटलं, कुणाला सांगू नकोस, आधी माझं काम बघू देत, मग मी स्वतः सांगेन. बिचारी म्हणून कुणी बघायला नको होतं गं मला. तू म्हणालीस, मी आहे ना.

होतीस, दोनेक आठवडे. मग टेबल टेनिसवाल्यांच्या घोळक्यात तुझं बस्तान बसलं आणि तू खुर्ची उचलून पलीकडच्या रांगेत गेलीस. तिकडे एसी चांगला लागतो म्हणे! त्यानंतरचा पहिला शुक्रवार तुला माहीतच नाही. मी काम करत होते, मान वर केली तर मजला रिकामा. एक माणूस नाही. मला वाटलं, आग लागली. बॅग उचलून जिने उतरत खाली रस्त्यावर जाऊन उभी राहिले. वॉचमनने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, सगळे कुठे गेले? त्याने वर बोट दाखवलं. तुम्ही गच्चीवर केक खात होतात. जाताना कुणीतरी हाक दिली असणारच. वर येऊन मी हे कुणाला सांगितलं नाही. सांगणार कुणाला?

आणि तो कॉफीचा मग. कॉफीच्या मशीनजवळ प्रत्येकाच्या नावाचा मग होता, माझ्या मगवर कुणीतरी 'महाराणी' लिहिलं. मी इतकी बावळट की मला वाटलं, लाडाने लिहिलंय, घेतलं बाई आपल्यालाही यांनी. फोटो काढून आईला पाठवला. ती तर हरखूनच गेली. हाक मारली तरी ओ देत नाही, शिष्ट कुठली, म्हणून ते नाव पडलं होतं, हे मला निघायच्या दोन दिवस आधी कळलं. माझ्या माघारी तूही मला 'महाराणी'च म्हणायचीस, हेही तेव्हाच कळलं.

निवड कशी करतात ते तुला माहीत आहे. आजूबाजूच्या लोकांना विचारतात, हिच्याबरोबर रोज बसायला आवडेल का? माझ्याबद्दल उत्तर आलं, काम चोख, पण माणसांत मिसळत नाही. मी महिनाभर स्वतःलाच दोष देत बसले. मागच्या आठवड्यात मनाचा हिय्या करून टीम लीडला फोन केला आणि कानाचं सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, अगं, मला शंका आली होती, म्हणून मी तुझ्या मैत्रिणीला बाजूला घेऊन विचारलं. ती म्हणाली, छे हो, तिला चांगलं ऐकू येतं, ती पहिल्यापासून अशीच आहे.

आता त्याच्याकडच्या जागा भरल्यात. बिचाऱ्याला वाईट वाटलं, बाकी तो काय करणार?

दिलेला शब्द पाळला असं मला सांगू नकोस हं. 'तिलाच विचारा' एवढं म्हणून तुला सुटता आलं असतं. 'पहिल्यापासून अशीच' हे तू पदरचं घातलंस. बाकीचे मला ओळखत नव्हते, त्यांचं मी मनाला लावून घेत नाही. तू मात्र केसाने गळा कापलास.

काल तुझी आई आमच्याकडे आली होती. माझा हात हातात घेऊन विचारत होती, तुमचं बिनसलंय का गं, ती तुझे फोन येत नाहीत म्हणून रडते. मावशीला मी काय सांगू? म्हटलं, काही नाही हो, पत्र लिहिते. उद्या ती तुझ्याकडे यायला निघतेय, पाकीट चिकटवून तिच्याच हातात देणार आहे. बारीक अक्षर तिला आता लागत नाही. ती तुझ्यासमोर मांडी घालून बसेल आणि म्हणेल, वाच ना मोठ्याने, काय लिहिलंय तिने. काय वाचायचं ते तू ठरव.

तुझीच,
(हे खोडून जात नाही, त्याचाच जास्त संताप येतो)